बेडक्याचा रंग

सावनेरच्या एका घरातली ही गोष्ट. घरातल्या म्हाताऱ्यांना जुना खोकला आहे. तरुणपणी ते जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाची धूळ नाकातोंडात जायची. वर बिडी. घरात चुलीचा धूर. अशाने फुफ्फुसातल्या नळ्या आतून सुजतात, अरुंद होतात आणि त्यांत चिकट कफ साठतो. डॉक्टर या दुखण्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. कधी बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही चुलीच्या धुराने ते होते. दुखणे मुळासकट जात नाही. पण ते उचल खाणार, हे बरेचदा आधी ओळखता येते.

मागल्या हिवाळ्यात कोणी ओळखले नाही. म्हातारे चार दिवस म्हणत राहिले, "थंडीचा कफ हाय, जाईन आपोआप." पाचव्या रात्री त्यांना धड बोलता येईना. ओठ निळे पडले. १०८ ची गाडी बोलावून नागपूरला नेले, प्राणवायू लावला. थोडक्यात वाचले.

सून तेव्हा नुकतीच लिहायला शिकली होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली. सकाळी मामाजी चूळ भरतात. मग खोकून बेडका पांढऱ्या कागदावर टाकतात. सून तो उजेडात पाहते. पांढरा असला तर 'पां' लिहिते, पिवळा 'पि', हिरवा 'हि'. शेजारी किती चमचे, तेही लिहिते. आणि हापशीपर्यंत जाताना मामाजी किती वेळा थांबले, तो आकडा. मग कागद जाळते, हात साबणाने धुते.

एक अडचण आली. मामाजी पहाटेच खर्रा खात. सगळे लालच दिसे! सून म्हणाली, "मामाजी, आधी बेडका, मंग तुमचा खर्रा." खर्रा वाईटच, पण तो एका दिवसात सुटत नाही.

कोणाचा बेडका रोजच थोडा पिवळट असतो. म्हणून रोजचा रंग माहीत हवा. रोजच्यापेक्षा दम वाढला, बेडका वाढला, रंग गडद झाला, या तीन गोष्टी पाहायच्या. कॅनडातले डॉ. अँथोनिसेन यांनी १९८७ साली दाखवले, की तिन्ही एकदम झाल्या तर जंतुनाशक औषधाचा गुण जास्त येतो. हिरवा रंग कुठून येतो? जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांच्यात हिरवे द्रव्य असते.

यंदा पौषात कॅलेंडरवर असे उमटले: पां १, पां १, पि २, हि ४. हापशीपर्यंत थांबणे एकावरून तीनवर गेले.

"मामाजी, चला दवाखान्यात."

"मले काय झालं? मागच्या गोळ्या हायेत ना डब्यात."

"त्या नाही घ्यायच्या. डॉक्टर पायतीन, मंग देतीन."

डॉक्टरांनी छाती तपासली. कॅलेंडरचे पान दोनदा पाहिले. औषध दिले. शिवाय क्षयासाठी बेडका तपासायला पाठवला. दोन आठवडे खोकला टिकला किंवा बेडक्यात रक्त दिसले तर ही तपासणी करावीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. क्षय निघाला नाही.

सहाव्या दिवशी सुनेने लिहिले: पि १. आठव्या दिवशी: पां १. हापशीपर्यंत एकदाच थांबले.

वहीत लिहा: बेडका, दम, रंग, चमचा, हापशी.