पिकअप घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

पावसाळ्यात शेतरस्त्यावर चिखल माजला म्हणजे काढलेला भाजीपाला वेळेवर बाजारात पोहोचत नाही. अशा वेळी चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी पिकअप उपयोगी पडते यात शंका नाही. तथापि तिचा खरा खर्च विक्रेत्याच्या पावतीवर संपत नाही.

उदाहरणादाखल गाडीची किंमत 10 लाख रुपये असून 10 वर्षांनी ती विकून 2 लाख येतील असे धरू. म्हणजे वार्षिक घसारा 80,000 रुपये झाला. सरासरी गुंतलेल्या 6 लाखांवर शेकडा 9 प्रमाणे व्याज 54,000. विमा व इतर कायम खर्च 40,000. एकूण 1,74,000 रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी हा खर्च चुकत नाही. डिझेल, टायर व दुरुस्ती मिळून दर किलोमीटरला 11 रुपये आणि भाड्याच्या गाडीचा दर 22 रुपये धरल्यास, वर्षाला सुमारे 16,000 किलोमीटर धाव झाली तरच स्वतःची गाडी परवडते. चालक ठेवल्यास त्याचा पगार निराळा.

घरच्या मालाने एवढी धाव होत नसेल, तर दोघातिघांनी मिळून गाडी घ्यावी किंवा ती भाड्यानेच करावी. चिखलाचे दिवस थोडे असल्यास ट्रॅक्टर-ट्रॉलीने माल पक्क्या सडकेपर्यंत आणणे स्वस्त पडते. मात्र उशिरामुळे नासणाऱ्या मालाची किंमतही हिशेबात धरावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावचे आकडे घालून हा हिशेब शेतकऱ्यांकडून करवून घ्यावा, आणि तोही कर्जाच्या अर्जावर सही होण्यापूर्वी. जमीन तारण पडल्यावर केलेला हिशेब उपयोगी पडत नाही.