ड्युसेल : एका लहान ओढ्याचा भूगोल व इतिहास

जर्मनीच्या नद्या म्हटल्या की विद्यार्थ्यांच्या तोंडी ऱ्हाइन, एल्ब, डॅन्यूब ही नावे येतात. परीक्षेपुरती ती पुरतातही. परंतु नदीचे कार्य आणि माणसाचे कार्य एकमेकांत कसे गुंतलेले असते हे समजून घ्यावयाचे असेल, तर मोठ्या नदीपेक्षा एखादा लहान ओढा अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. उगमापासून मुखापर्यंत तो एका दृष्टिक्षेपात येतो. म्हणूनच प्रस्तुत लेखासाठी मी जर्मनीच्या पश्चिम भागातील ड्युसेल हा ओढा निवडला आहे.

ऱ्हाइनच्या पूर्वेस बेर्गिशेस लांट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. बेर्ग येथील काउंट घराण्याची येथे सत्ता होती, त्यावरून हे नाव पडले. या प्रदेशात व्युलफ्राट गावाजवळ ड्युसेल उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन ऱ्हाइनला मिळते. तिची लांबी अवघी सुमारे ४० किलोमीटर. ऱ्हाइनच्या सपाट मैदानात उतरल्यावर तिचे उत्तर व दक्षिण असे दोन फाटे होतात आणि पुढे त्यांनाही एकेक फाटा फुटतो. म्हणजे एवढासा ओढा चार वाटांनी ऱ्हाइनला भेटतो. तिच्या मुखाशी जे खेडे वसले त्याला लोक ‘ड्युसेलकाठचे खेडे’ म्हणू लागले. जर्मन भाषेत डॉर्फ म्हणजे खेडे. १२८८ साली वोरिंगेनच्या लढाईत विजय मिळाल्यावर बेर्गच्या काउंटने या खेड्याला नगराचे अधिकार दिले. तेच आजचे ड्युसेलडॉर्फ. आज ते एका मोठ्या राज्याची राजधानी आहे, पण नावात अजून खेडेच आहे! शहराच्या जुन्या भागात हा ओढा बराचसा रस्त्यांखालून वाहतो.

आता मधल्या टप्प्याकडे वळू. एर्क्राट आणि मेटमान या गावांच्या दरम्यान ड्युसेलच्या वाटेत चुनखडकाचा पट्टा लागतो. हा खडक डेव्होनियन कालखंडातील, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी उष्ण, उथळ समुद्रात प्रवाळादी जीवांच्या अवशेषांपासून तयार झालेला आहे. चुनखडकाचा गुणधर्म असा की, पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते सौम्य आम्ल बनते आणि खडकाच्या भेगांत शिरून त्याला हळूहळू विरघळवते. त्यातून गुहा तयार होतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात असे घडत नाही. तेथील लेणी माणसाने छिन्नीने कोरली. ड्युसेलने मात्र हा पट्टा कापून सुमारे ५० मीटर खोल घळई निर्माण केली, आणि तिच्या उभ्या कड्यांतून अनेक गुहांची तोंडे उघडी पडली. घळईची लांबी एक किलोमीटरही नव्हती, तरी तिचे सौंदर्य असे होते की ड्युसेलडॉर्फचे चित्रकार तेथे मुद्दाम चित्रे काढावयास जात.

या घळईच्या नावाची कथाही मोठी मनोरंजक आहे. सतराव्या शतकात योआखिम निआंडर (१६५०–१६८०) हा तरुण शिक्षक ड्युसेलडॉर्फच्या लॅटिन शाळेत होता. तो ख्रिस्ती भक्तिगीतांचा कवी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला ही घळई प्रिय होती; पुढे लोकांनी तेथील एका गुहेला आणि नंतर साऱ्या दरीलाच त्याचे नाव दिले. ‘थल’ किंवा ‘ताल’ म्हणजे दरी. यावरून निअँडरथल. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे ‘नवा माणूस’. त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे पूर्वजांनी त्याचे ग्रीक भाषांतर करून निआंडर केले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागात रेल्वे आणि कारखाने आले. लोखंड गाळताना अशुद्ध द्रव्ये वेगळी करण्यासाठी चुनखडक लागतो. बांधकामालाही चुना हवाच. घळईत खाणकाम सुरू झाले. ऑगस्ट १८५६ मध्ये फेल्डहोफर नावाच्या लहान गुहेतील चिखल उपसताना मजुरांना काही हाडे सापडली. ती गुहेतील अस्वलाची असावीत असे खाणवाल्यांना वाटले. सुदैवाने त्यांतली काही बाजूला काढून एल्बरफेल्डचे शाळाशिक्षक योहान कार्ल फुलरोट यांना दाखवण्यात आली. ही हाडे माणसाची असून फार प्राचीन आहेत, हे त्यांनी ओळखले. बॉनचे प्राध्यापक हेर्मान शाफहाउजेन यांच्यासह १८५७ साली त्यांनी हा शोध विद्वानांपुढे मांडला. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

स्वागत थंडेच झाले. बॉनच्याच एका प्राध्यापकाने ही हाडे नेपोलियनविरुद्धच्या युद्धातील कोसॅक स्वाराची ठरवली. थोर वैद्यकशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी १८७२ साली हा आजाराने विकृत झालेला सांगाडा असल्याचे मत दिले. आयर्लंडमधील विल्यम किंग यांनी मात्र १८६४ मध्ये ही मानवाची वेगळी जात मानून तिला दरीचे नाव दिले. बेल्जियममधील स्पी येथे १८८६ साली तसेच सांगाडे हत्यारांसह सापडले आणि वाद बहुतांशी मिटला. फुलरोट १८७७ मध्येच वारले होते. शास्त्रात खरे ठरणे आणि मान्य होणे यांत एका आयुष्याएवढे अंतर पडू शकते, हे विद्यार्थ्यांनी यावरून ध्यानी घ्यावे.

इकडे खाणकाम चालूच राहिले. विसावे शतक उजाडेपर्यंत ती गुहा तर गेलीच, घळईही जवळजवळ नाहीशी झाली. १९२१ साली हा परिसर संरक्षित झाला, तेव्हा राखण्यासारखे मूळचे फारसे उरले नव्हते. गुहेची नेमकी जागाही विस्मृतीत गेली. १९९७ साली राल्फ श्मिट्स व युर्गेन थिसेन या संशोधकांनी जुन्या नोंदींच्या आधारे ती शोधली. मजुरांनी कड्यावरून खाली फेकलेला चिखल तेथे अजून होता! त्यातून दगडी हत्यारे व हाडांचे तुकडे निघाले. एक तुकडा १८५६ च्या मांडीच्या हाडाला तंतोतंत जुळला. शिवाय दुसऱ्या एका व्यक्तीचेही अवशेष मिळाले. हाडांचे वय सुमारे ४० हजार वर्षे ठरले. १९९७ सालीच स्वांते पेबो यांच्या गटाने मूळ सांगाड्याच्या दंडाच्या हाडातून निअँडरथल मानवाचा डीएनए प्रथम वाचला. पुढील संशोधनातून कळले की आफ्रिकेबाहेरील लोकांत, म्हणजे आपणा भारतीयांतही, या मानवाचा एक ते दोन टक्के वारसा आहे. पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खाण झाली नसती तर ही हाडे सापडली असती काय, असा प्रश्न कोणी विचारील. कदाचित त्या वेळी नसती सापडली. परंतु म्हणून खाणीचे आभार मानावेत असे मला वाटत नाही. इतर गुहांतील मातीही दगडाबरोबर उपसली गेली, आणि तिच्यासाठी कोणी फुलरोट धावून आला नाही. ओढ्याने प्रदीर्घ काळ खपून कोरलेले काम माणसाने अर्धशतकात पुसले. त्यातून मूठभर हाडे वाचली ती एका शिक्षकाच्या चौकस दृष्टीमुळे. तेव्हा नकाशावर ज्यांना नावही नसते अशा ओढ्यानाल्यांकडे आपण भूगोलाच्या अभ्यासकांनी अधिक आदराने पाहावे. त्यांच्या काठच्या मातीत काय दडले आहे, हे ती उपसून टाकण्यापूर्वी पाहिलेले बरे.