मासा सावलीत असतो

सीबीडी बेलापूरला राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. बेलापूर आणि मासे म्हटलं की लोकांना खाडी आठवते, दिवाळे गावचे कोळी आठवतात, जेट्टीवर ओहोटी बघत बसलेली पोरं आठवतात. माझा जीव मात्र गोड्या पाण्यात. माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी उतरते, देहरंगच्या धरणात जरा विसावते, मग पनवेलजवळ खाडीला मिळते आणि तेच पाणी खारट होऊन आमच्या बेलापूरवरून जातं. रविवारी मी स्कूटर काढतो आणि त्या पाण्याच्या माहेरी जातो. शिमगा झाला की माझा मोसम सुरू, पहिला पाऊस पडला की बंद. या तीन महिन्यांत जे काही कळलं ते मांडतो. निम्म्याहून जास्त फजितीतून कळलंय.

१. पाणी आटलं म्हणजे मासा सोपा झाला, असं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मला हेच वाटायचं. चैत्रात गाढी वाहायची थांबते. उरतात ते सुटे सुटे कोंड. घोटाभर पाणी, मध्ये कुठे पुरुषभर. पाणी कमी आणि मासे तेवढेच, म्हणजे गळ टाकायचा अवकाश! नेऱ्याच्या पुढे एका कोंडावर मी भर उन्हात तीन तास बसलो. मोरपिसाच्या दांड्याचं बूच जागचं हललं नाही. मागून एक ठाकर मामा लाकडाचा भारा घेऊन चालले होते. थांबले, माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"दादा, तू पान्यात मासा बघतंस. मासा सावलीत हाय."

पलीकडच्या काठावर उंबर वाकला होता. त्याच्या मुळ्यांत पाणी काळं दिसत होतं. मी उठून तिकडे गेलो, कणकेची गोळी मुळीच्या कडेला अलगद सोडली आणि बूच बसायच्या आत गेलं. तळहाताएवढा मासा, पण हात थरथरला तो घरी येईपर्यंत. पुढे लक्षात आलं की उंबर नुसती सावली देत नाही, पिकलेली फळंही टाकतो, आणि त्या टपटपीची माशाला सवय असते. तेव्हापासून गोळी फेकत नाही, फळ पडल्यासारखी पडू देतो.

२. पहाटेचं कौतुक जरा बेतानं.

सगळे सांगतात, तांबडं फुटायच्या आत काठावर पोचा. मोठ्या, खोल पाण्यासाठी ते खरंही आहे. पण उथळ, हिरव्यागार झालेल्या तळ्यावर मी पहाटे साडेपाचला पोचून कितीदा रिकाम्या हातानं परत आलोय. त्याचं कारण असं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम ७.५. त्यात पाण्यातलं शेवाळं दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच परत ओढून घेतं. म्हणजे उजाडण्याच्या आधी तळ्यात सगळ्यात जास्त टंचाई. तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडमिट करताना दिसतात. नवख्याला वाटतं, खायला आलेत. ते श्वासाला आलेले असतात. अशा वेळी मासा तोंडासमोरचंही घेत नाही. ऊन वर येऊन तासभर झाला की शेवाळं कामाला लागतं आणि मासाही. हल्ली अशा तळ्यावर जायचं असेल तर मी घरून चहा-पोळी खाऊन निघतो. बायकोचं म्हणणं, प्राणवायूचं शास्त्र मी झोपेसाठी शोधून काढलंय.

३. सुकलेल्या गाळावर विश्वास ठेवू नये.

देहरंगचं पाणी मे महिन्यात इतकं खाली जातं की पनवेलच्या नळांना त्याची झळ बसते. धरणात गाळ बराच. काठावर तो भेगाळून दगडासारखा दिसतो. मी त्यावरून पाण्याकडे चालत निघालो. दहा पावलं खणखणीत, अकराव्याला पापुद्रा फुटला आणि मी मांडीपर्यंत आत. पाय ओढावा तर दुसरा रुते. शेवटी आडवा झालो, काठी पुढे आडवी टाकली आणि पोटावर सरपटत बाहेर आलो. एक चप्पल अजून तिथेच आहे. म्हशीचे खूर जिथे उमटलेत आणि कोरडे आहेत, तिथूनच जावं. म्हशीला त्या काठाची माझ्यापेक्षा जास्त माहिती असते.

४. चिलापी लागली म्हणून मिशीला पीळ देऊ नये.

१९५२ साली भारतात आलेला हा आफ्रिकेचा पाहुणा आता घरमालक झालाय. काठालगतच्या उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे दिसले की ती त्यांची घरटी. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. गांडूळ लावा, कोणतंही पोर चिलापी काढेल.

५. तलावातला मासा कुणाचा तरी असतो.

हे उजनीनं शिकवलं. एका मार्चमध्ये ऑफिसातले आम्ही तिघं भिगवणला गेलो. रोहित पक्षी बघायचे हे घरी सांगायचं कारण. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. फुगवटा एवढा की पलीकडचा काठ धुरकट दिसतो आणि दुपारी समुद्रासारख्या लाटा येतात. गाढीच्या कोंडावर वाढलेला मी बावचळलोच. काठी उभारली तोच एक जण आला आणि शांतपणे म्हणाला, "पाहुणं, पावती?"

तोवर मला ठाऊकच नव्हतं, की जलाशयातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं देतात. पावसाळ्यात तेच लोक बोटुकली सोडतात, वर्षभर जपतात, आणि आपण रविवारी येऊन हौस म्हणून काढून नेतो. शरमलो. माफी मागितली, काठी गुंडाळली. मग त्यानंच चहा पाजला आणि स्वतःच्या होडीत बसवून नेलं. त्या दोन तासांत मला वर्षभराचं शिक्षण झालं.

एक, वारा. मी सवयीनं वाऱ्याच्या आडोशाची, संथ पाण्याची जागा बघत होतो. तो म्हणाला, वारं ज्या काठाला धडकतं तिकडं चला. वाऱ्यानं शेवाळं, किडे, सगळं खाणं त्या काठाला लोटलेलं असतं, लाटांनी पाण्यात हवाही मिसळलेली असते. दोन, थर. कटला वर चरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा हे ठरवल्याशिवाय माशाचं नाव घेऊ नये.

आणि तिसरं, ज्याला धडा म्हणावं की नाही कळत नाही. त्याच्या परवानगीनं गळ सोडला तर तो तळाशी अडकला. तंगूस ताणलं, तुटेना. तो खाली बघत म्हणाला, "जोत्यात गुतला आसंल. गाव हाय खाली." उजनी मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, की जुन्या गावांच्या भिंती वर येतात, पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. तंगूस मी कापून टाकलं. पुन्हा तिथे टाकवलं नाही.

बेलापूरच्या नळाला येतं ते मोरबे धरणाचं पाणी. तिथेही गळ न्यायचा विचार कधी केला नाही. आपल्याच पिण्याच्या पाण्यात कणीक कालवायची तर घरी पातेलं आहे.

६. शिंगटी हातात घ्यायची नाही.

कल्ल्यामागचा काटा तळव्यात शिरला की कोपरापर्यंत ठणका लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरून बसायचं. मासा फडक्यात धरून मगच गळ काढायचा.

७. लाल ठिपक्यांचा पुंजका दिसला तर काठी खाली.

वळवाचे दोन सडाके झाले की काठाच्या गवताशी पाणी लालसर खदखदताना दिसतं. ती मरळीची पिल्लं. शेकड्यांनी एकत्र फिरतात, मध्येच हवेसाठी वर येतात, आणि बरोबर त्यांच्याखाली आई-बाप पहाऱ्याला असतात. तिथे काहीही टाका, मरळ झेप घेणारच. भुकेनं नव्हे, रागानं. एकदा मी ती काढली. सव्वा किलोची होती. पुंजका तसाच गोल फिरत राहिला आणि पाच मिनिटांत चिलाप्या चारी बाजूंनी आल्या. मी बघत होतो.

८. वलगणीला रिकाम्या हातानं जावं.

मृगाचा जोर झाला की गाढीचे ओहोळ गढूळ होऊन भाताच्या खाचरांत शिरतात आणि मासा प्रवाहाविरुद्ध वर चढायला लागतो, अंडी घालायला. तळकोकणात चढणीचे मासे म्हणतात, आमच्याकडे वलगणीचे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, दिवाळ्याच्या होड्या काठाला लागलेल्या, तेव्हा या माशांना भाव येतो. गाभोळीनं फुगलेले मासे खावेत का, यावर माझं स्वतःशी एकमत नाही. बांधाच्या फुटीशी पोरं मासे हातांनी उचलत असतात, पाग पडत असतात. गेल्या वर्षी तिथेच एक कातकरी आजी पानावर वाटे मांडून बसली होती. ती मला ओळखते.

"गल नाय आनलास?"

"आज नाही, आजी."

तिनं एक वाटा पुढे सरकवला. वरून मूठभर खवल्या आणखी टाकल्या आणि म्हणाली, "मंग हे घे. उन्हाल्यात तुला काय गावत नाय ता."