पुढे काय झाले?

कोकणातील पावसाळ्याची रात्र. बाहेर सरींवर सरी कोसळत आहेत, माडांच्या झावळ्या वाऱ्याने सळसळत आहेत. माजघरात आजीभोवती नातवंडे दाटीवाटीने बसली आहेत. गोष्टीतील राजपुत्र रानात वाट चुकला आहे आणि दूर झाडीत एक दिवा लुकलुकताना त्याला दिसतो आहे. इतक्यात आजी थांबते आणि सावकाश पानाला चुना लावू लागते. नातवंडांना क्षणभरही धीर धरवत नाही. “मग, आजी? पुढे काय झाले?” असे सारी एकदम विचारतात.

या छोट्याशा प्रश्नात कथेचे मोठे सामर्थ्य साठलेले आहे. पुढचे जाणून घेण्याच्या या आतुरतेला उत्कंठा म्हणतात. आजीच्या गोष्टीत ती घटकाभर टिकते. कादंबरीत ती शेकडो पाने टिकवावी लागते. त्यासाठी केवळ घटना पुरत नाहीत. गोष्टीतील माणसांवर वाचकाचा जीव जडावा लागतो. कोणावर तरी प्रेम जडले, म्हणजेच त्याला गमावण्याचे भय वाटते. आणि भय वाटले, म्हणजेच पुढचे पान उलटण्यासाठी हात शिवशिवतो. म्हणून प्रेम, वियोग, रहस्य आणि उत्कंठा ही चार भावंडे कादंबरीत बहुधा एकत्र नांदताना दिसतात.

आपल्या भाषेत या वाङ्मयप्रकाराला जे नाव मिळाले, त्यातही हाच अर्थ दडलेला आहे. ‘कादंबरी’ हे मूळचे एका संस्कृत ग्रंथाचे नाव. सम्राट हर्षवर्धनाच्या सभेतील बाणभट्टाने सातव्या शतकात तो ग्रंथ रचला. त्यात चंद्रापीड नावाचा राजपुत्र एका किन्नर-युगुलाच्या मागे धावता धावता आपल्या सैन्यापासून फार दूर जातो. निर्जन अरण्यात त्याच्या कानी वीणेचे सूर येतात. सुरांच्या मागाने गेल्यावर त्याला अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता नावाची एक तरुण तपस्विनी दिसते. एवढ्या कोवळ्या वयात तिने तप का आरंभिले असावे? हे कोडे चंद्रापीडाप्रमाणेच वाचकालाही पडते. मागाहून कळते, की तिचा प्रियकर पुंडरीक मरण पावला असून, आकाशातून आलेल्या एका तेजस्वी पुरुषाने त्याचा देह उचलून नेला आहे. पुन्हा भेट होईल, या त्याच्या आश्वासनावर विसंबून ती दिवस कंठीत आहे.

आधी सूर, मग दर्शन, मग दुःखाची कहाणी. बाणभट्टाने सारे एकदम न सांगता एकेक पडदा दूर केला. हा ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच बाणभट्टाचे निधन झाले आणि पित्याचे अपुरे काम पुत्राने तडीस नेले. पुढे या कथेच्या नायिकेचे नाव मराठीत साऱ्या दीर्घ गद्यकथांना मिळाले.

मात्र मराठीत अशा कथा छापल्या जाऊ लागण्यास फार काळ जावा लागला. रत्नागिरी येथील नगर वाचनालयाची स्थापना १८२८ साली झाली. महाराष्ट्रातील अत्यंत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. गंमत अशी, की हे वाचनालय सुरू झाले, त्या वेळी त्याच्या कपाटात ठेवण्यास मराठी कादंबरी एकही नव्हती. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा सामान्यतः उल्लेख होतो, ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवा स्त्रियांची दुःखे समाजापुढे मांडणे हा तिचा हेतू होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. सद्गुणी नायिका, दुष्टांची कारस्थाने, जिवलगांची ताटातूट आणि अखेर सुखाची भेट, अशा अद्भुतरम्य कथानकाने तिने वाचकांस वेड लावले. तिच्या मागोमाग त्याच धर्तीच्या आणखी कित्येक कादंबऱ्या निघाल्या.

विसाव्या शतकात उत्कंठेने आणखी एक वेष धारण केला. चोर कोण, खुनी कोण, हरवलेला दागिना कोठे आहे, असे प्रश्न घेऊन रहस्यकथा आल्या. बाबूराव अर्नाळकर यांनी अशा हजारांहून अधिक कथा लिहिल्या. त्यांचे ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ हे नायक घरोघरी पोहोचले. या कथांनी असंख्य लोकांस वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि अशा पुष्कळ कथांच्या बाबतीत एक अनुभव येतो. गुन्हेगार कोण हे एकदा कळले, की ते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटत नाही. सोडविलेले कोडे दुसऱ्यांदा कोण सोडवील? याउलट काही कादंबऱ्यांचा शेवट ठाऊक असूनही माणसे त्या पुन्हा पुन्हा वाचतात. असे का व्हावे? कारण त्या कादंबऱ्यांत ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाच्या पाठीशी दुसरा एक प्रश्न उभा असतो. तो म्हणजे, ‘हा माणूस असा का वागला?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर वाचकाला स्वतःच शोधावे लागते, आणि वय वाढते तसे ते उत्तरही बदलते.

रत्नागिरी जिल्ह्याच्याच एका सुपुत्राने हा दुसरा प्रश्न मोठ्या ताकदीने मांडला. श्रीपाद नारायण पेंडसे यांचा जन्म १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी झाला. पुढे ते मुंबईस गेले आणि तेथील ‘बेस्ट’ या वाहतूक-संस्थेत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. देह मुंबईत असला, तरी त्यांचे मन कोकणातील नारळी-पोफळींच्या बागांत, लाल मातीच्या पाणंदींत आणि कौलारू घरांत रमलेले होते. ‘एल्गार’ ही त्यांची पहिली कादंबरी १९४९ साली निघाली. पाठोपाठ ‘हद्दपार’ आली आणि १९५२ साली ‘गारंबीचा बापू’ प्रसिद्ध झाली.

बापू हा गारंबी गावातील गरीब घरचा मुलगा. गाव त्याला उनाड आणि वाया गेलेला समजते. गावातील बड्या माणसांपुढे मान लववणे त्याच्या स्वभावातच नाही. राधेवर त्याचे प्रेम बसते. गावाला ते मुळीच पसंत नसते. तरीही तो डगमगत नाही. या कादंबरीत भुयारे नाहीत, वेषांतरे नाहीत, मंतरलेल्या तलवारीही नाहीत. असे असूनही पुस्तक खाली ठेववत नाही. कारण रहस्य आहे ते बापूच्या मनात. ज्याला साऱ्या गावाने टाकाऊ ठरविले, त्याच्या अंगी एवढे बळ कोठून आले? आणि गावाने त्याला ओळखले नाही, तो दोष कोणाचा?

१९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रथचक्र’ या कादंबरीत तर उत्कंठेचा विषय याहूनही साधा आहे. एका स्त्रीचा पती घर सोडून निघून गेला आहे. तिने एकच ध्यास घेतला आहे, की आपल्या मुलांनी शिकावे. घरातील माणसांचा विरोध आणि पदरचे दारिद्र्य यांच्याशी ती एकटी झुंजते. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न खुनाच्या तपासाइतका उत्कंठावर्धक होऊ शकेल, असे कोणास वाटेल? पण ही कादंबरी वाचताना पानापानावर काळीज धडधडते. तिच्या झुंजीचा शेवट येथे सांगणे योग्य नव्हे; मोठेपणी प्रत्येकाने तो स्वतः वाचावा. या कादंबरीला १९६३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९८७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पेंडसे यांनी ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची प्रचंड कादंबरी वाचकांच्या हाती दिली. एका खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास तीत चितारलेला आहे. २००७ साली त्यांचे निधन झाले.

काही वेळा कादंबरीला लागणारी सामग्री इतिहासच आणून देतो. रत्नागिरी शहरात समुद्र आणि खाडी यांच्याकडे तोंड करून एक भव्य राजवाडा उभा आहे. त्याला ‘थिबा राजवाडा’ म्हणतात. थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य जिंकले आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीस आणून ठेवले. स्वदेशाचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. १९१६ साली रत्नागिरीतच त्याचा अंत झाला, आणि त्याची समाधीही तेथेच आहे.

या इतिहासावरून अमिताव घोष यांनी इंग्रजीत ‘द ग्लास पॅलेस’, म्हणजे ‘काचमहाल’, ही कादंबरी लिहिली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी राजकुमार नावाचा अकरा वर्षांचा एक पोरका मुलगा भेटतो. आईबापांच्या मृत्यूनंतर तो मंडाले नगरीत एका खाणावळीत काम करीत असतो. राज्य बुडते त्या गडबडीत राणीच्या सेवेतील डॉली नावाची एक लहान मुलगी त्याच्या दृष्टीस पडते. दुसऱ्या दिवशी राजपरिवाराबरोबर तीही हद्दपार होते. आता तो मुलगा तिला कसा शोधणार? मध्ये समुद्र आहे, दारिद्र्य आहे आणि इंग्रजांचा पहारा आहे. सागवानाच्या व्यापारात पैसा मिळवून, कित्येक वर्षांनी तो रत्नागिरीच्या बंदरात उतरतो, तेव्हा वाचकाचा श्वास रोखला जातो.

थिबा राजा खरा. राजकुमार आणि डॉली मात्र लेखकाने कल्पिलेली. इतिहास सांगतो, की अमुक साली राजा हद्दपार झाला. दुर्बीण लावून समुद्रावरची गलबते न्याहाळीत बसलेल्या त्या राजाला काय वाटत असेल, आणि राजाबरोबर ज्यांना निमूटपणे जावे लागले त्या सेवकांचे घर कोठे राहिले, हे कादंबरी कल्पनेने दाखविते. ज्या दुःखाची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, तेही कादंबरीला सांगता येते.

काही वाचक इतके अधीर असतात, की कादंबरी हाती येताच ते आधी शेवटचे पान वाचतात. त्यांना उत्तर मिळते, पण ज्या माणसांसाठी ते उत्तर हवे होते, त्यांची ओळखच झालेली नसते. चांगला वाचक मध्येच थोडा थांबतो आणि मनाशी म्हणतो, ‘बापूच्या जागी मी असतो, तर काय केले असते?’ असा विचार करण्याची सवय ज्याला जडली, तो शेजारच्या माणसाकडेही निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. वर्गात कोणाशी न बोलणारा मुलगा, चिडखोर म्हणून ओळखले जाणारे आजोबा, गावाने नावे ठेवलेली एखादी स्त्री, या साऱ्यांच्या आयुष्याची मागची पाने आपण वाचलेली नाहीत, हे त्याच्या ध्यानी येते. मग लोकांविषयी घाईने मत बनविण्यास त्याचे मन धजत नाही.

अभ्यास

१. ‘उत्कंठा’ म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे सांगा.
२. ‘कादंबरी’ हे नाव मराठीत कोठून आले? महाश्वेतेची कथा पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. ‘पुढे काय झाले?’ आणि ‘हा माणूस असा का वागला?’ या दोन प्रश्नांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
४. थिबा राजाविषयी इतिहास काय सांगतो आणि कादंबरी काय सांगते, ते लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अधीर, ताटातूट, ध्यास, निमूटपणे.
६. घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून त्यांच्या लहानपणाची एखादी हकीकत ऐका. ऐकताना ती तुम्हांला कोठे उत्कंठावर्धक वाटली, ते दहा ओळींत लिहा.