त्रिकोण घालताना आधी कोन, मग जोर

लेकरा, तालमीतून आलेल्या पोरांना जिउजित्सूच्या मॅटवर एक गोष्ट फार जड जाते, ती म्हणजे पाठ टेकवणं. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. इथे पाठीवर पडून, समोरच्याला दोन पायांत धरून झुंज चालू राहते. त्या बैठकीला गार्ड म्हणतात आणि ट्रँगल चोक, म्हणजेच त्रिकोण, हा गार्डमधला सर्वांत खात्रीचा डाव. मुळात हा ज्युदोचा डाव, जपानीत सांकाकु-जिमे. तो नीट शिकायचा असेल तर या गोष्टी गाठीशी बांधून ठेव.

आधी डावाचं काम समजून घे. हा डाव श्वास कोंडत नाही, मेंदूकडे जाणारं रक्त अडवतो. मानेच्या एका बाजूची रक्तवाहिनी तुझ्या मांडीने दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूची खुद्द त्याच्याच खांद्याने. म्हणून त्याची मान आणि एक हात तुझ्या पायांच्या आत हवा, दुसरा हात बाहेर. दोन्ही हात आत राहिले तर गळा दाबला जात नाही, दोन्ही बाहेर राहिले तर तो मान काढून घेतो.

पायाचा विचार करण्याआधी त्याचा कणा वाकव. समोरचा ताठ बसलेला असेल तर त्याच्या खांद्यावर पाय टाकायला जाऊ नकोस. गुडघे आपल्या छातीकडे ओढ, त्याला पुढे पाड, डोकं खाली आण. ताठ बसलेल्या माणसावर टाकलेला पाय तो सहज झटकतो आणि गार्ड ओलांडून बाजूला येतो.

मनगटं धर. दोन्ही मनगटं हातात आली की एक हात त्याच्याच पोटाकडे दाबून ठेव आणि दुसरा आपल्याकडे ओढ. जो हात पोटाकडे दाबलास, त्याच बाजूचा तुझा पाय त्या खांद्यावरून मानेवर जाईल. पाय वर नेताना कंबर जमिनीवरून उचल. कंबर खाली ठेवून नुसता पाय फेकला तर मांडी मानेपर्यंत पोचत नाही, मध्ये फट राहते.

लगेच कुलूप लावायची घाई करू नकोस. पाय मानेवर गेला की आधी घोटे एकमेकांवर अडकवून त्याला तिथेच धर. तो मागे ओढेल, हात आत घुसवायला बघेल. त्याची ती धडपड ओसरू दे. इथे धीर धरणाऱ्याचाच डाव लागतो.

आता कोन घे. संपूर्ण डावाचं मर्म इथे आहे. मानेवरच्या पायाची नडगी हाताने धर. पाऊल किंवा बोटं धरून ओढू नकोस, घोटा दुखावतो. दुसऱ्या पायाचं पाऊल त्याच्या कंबरेवर टेकव आणि त्या आधाराने आपलं अंग फिरव. समोरासमोर असताना तुला त्याचं तोंड दिसत होतं, नीट फिरलास की कान दिसला पाहिजे. तुझी नडगी त्याच्या मानेवर आडवी बसली की दुसऱ्या गुडघ्याची लवण त्या पायाच्या घोट्यावर घाल, हेच कुलूप, आणि पावलं ताणून ठेव. पाय आखूड आहेत, मांड्या जाड आहेत म्हणून हा डाव आपला नाही असं पुष्कळ पोरं म्हणतात. त्यांच्यात बहुतेकांचा कोन कमी पडलेला असतो.

जोर सर्वांत शेवटी. गुडघे एकमेकांकडे आण, दोन्ही हातांनी त्याचं डोकं खाली ओढ, कंबर किंचित वर उचल. आतला हात त्याच्या मानेसमोरून पलीकडे ओढता आला तर दाब लवकर बसतो. इतकं करूनही तो टिकला तर पाय आणखी आवळत बसू नकोस, पुन्हा कोन तपास.

या डावाची तोडही ठाऊक असू दे. जाणता गडी मान वर करून ताठ होईल, किंवा तुला गोळा करून तुझ्याच मानेवर वजन टाकेल. तेव्हा त्याच्या पायाखालून हात घाल आणि बाजूला फिर. त्याने उचलून घेतलं तर हट्टाने लटकू नकोस, पाय सोड. आपटला गेलास तर मान आणि पाठ कायमची जाऊ शकते.

हा डाव मोठ्या अंगाच्या गड्यावरही चालतो. 16 डिसेंबर 1994 ला अमेरिकेत टल्सा इथे यूएफसी 4 या झुंजीच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत जिउजित्सूच्या रॉयस ग्रेसीने त्याच्याहून कितीतरी वजनदार असलेल्या डॅन सेव्हर्न या कसलेल्या कुस्तीगीराला जवळजवळ सोळा मिनिटांनी याच डावात पकडलं. त्यातला बहुतेक वेळ रॉयस पाठीवरच होता. ऑगस्ट 2010 मध्ये यूएफसीच्याच एका लढतीत अँडरसन सिल्वा चार फेऱ्या चेल सोननकडून मार खात होता. पाचव्या फेरीत त्याने पाठीवरूनच त्रिकोण घातला आणि लढत जिंकली. दोघांनीही वाट पाहिली आणि संधी येताच पाय वर नेला.

आता शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. डाव नीट बसला तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. सरावात दाब हळूहळू वाढव. जोडीदाराने अंगावर किंवा मॅटवर थाप मारली, तोंडाने सांगितलं किंवा त्याचा हात सैल पडला, की त्याच क्षणी सोड. तुझ्यावर डाव बसला तर लाज न धरता वेळेत थाप मार. जाणत्या गुरूच्या नजरेखाली शिक आणि मॅटबाहेर गंमत म्हणून कुणाच्याही मानेला पाय लावू नकोस. ज्याचा जोडीदार सराव संपल्यावर धडधाकट घरी जातो, त्यालाच हा डाव आला असं मी मानतो.