मेजदिदीच्या दारी केष्ट

ज्यांचे आईबाप हयात नाहीत, किंवा असूनही पोटापाण्यासाठी दूर गेले आहेत, अशी दोनचार मुले खेड्यांतील पुष्कळ वर्गांत आढळतात. ऊसतोडीच्या हंगामात मामाकडे, चुलत्याकडे किंवा आजीजवळ ठेवलेल्या मुलांची त्यांत भर पडते. हजेरीपटावर पालकाचे नाव असते. परंतु त्या घरात मुलाचे स्थान कोणते, हे शिक्षकास इतर खुणांवरूनच ओळखावे लागते. या खुणा पाहण्याची दृष्टी यावी म्हणून शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘मेजदिदी’ ही बंगाली कथा शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य अभ्यासावी. ती १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी वाचकांस परके राहिलेले नाहीत.

केष्ट हा चौदा वर्षांचा मुलगा. चुरमुरे भाजून त्यास वाढविणारी आई वारते, आणि गावकऱ्यांच्या सल्ल्याने तो आपल्या सावत्र बहिणीच्या, कादंबिनीच्या, दारी येतो. कादंबिनी त्यास घरात घेते. पण त्याच्या पानातील भाताकडे तिचे लक्ष असते. हा मुलगा किती खातो, हाच तिच्या बोलण्याचा विषय होतो. पुढे त्यास दुकानाच्या कामास जुंपले जाते. लेखकाने येथे कोणी राक्षसीण रंगविलेली नाही. कादंबिनी ही हिशेबी गृहिणी आहे, आणि आपले काही चुकते आहे असे तिला वाटतही नाही. वाचकास अस्वस्थ करते ते हेच. असे घर ओळखणे कठीण असते, कारण बाहेरून पाहता मुलास आसरा मिळालेला असतो.

त्यास जीव लावते ती हेमांगिनी, म्हणजे कादंबिनीच्या धाकट्या दिराची पत्नी. तिचे व केष्टचे रक्ताचे नाते नाही. तो तिला ‘मेजदिदी’, म्हणजे मधली ताई, म्हणू लागतो आणि त्या हाकेने नाते जुळते. मात्र हे सुखासुखी घडत नाही. जावाजावांत कलह माजतो, नवरा रागावतो, आणि त्रासून एकदा हेमांगिनीही मुलास दूर लोटते. माझ्या मते कथेचा हा भाग सर्वांत खरा आहे. परक्या मुलास पोटाशी धरणाऱ्या बाईस घरात काय सोसावे लागते, हे शरच्चंद्रांनी लपविले नाही.

हेमांगिनी आजारी पडते, तेव्हा केष्ट वसुलीचे पैसे तिच्या आरोग्यासाठी देवीच्या पूजेस खर्च करतो. घरच्यांच्या दृष्टीने ती चोरी. त्यास मार बसतो. पैसे घेतले हे खरेच आहे. परंतु ते कशासाठी घेतले, हे आस्थेने विचारणारे त्या घरी कोणी नसते. वर्गातील खडू, पेन्सिल, डबा नाहीसा झाला म्हणजे आपणही पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते आठवून पाहावे. अखेर हेमांगिनी केष्टला घेऊन घराबाहेर पडते, तेव्हाच तिच्या नवऱ्याचा विरोध मावळतो.

शरच्चंद्रांचे स्वतःचे बालपणही वडिलांच्या दारिद्र्यामुळे बरेचसे भागलपूरला आजोळी गेले होते. त्यांच्या ‘रामेर सुमती’ या कथेतील पोरक्या रामास वहिनी नारायणी आईप्रमाणे वाढविते. मात्र तो राम भारी खोडकर आहे. केष्ट मुका, राम दांडगा. मायेस आचवलेले मूल नेहमी दीनवाणेच दिसेल असे समजू नये, म्हणून दोन्ही कथा जोडीने वाचणे बरे.

वरच्या इयत्तांत ‘मेजदिदी’ सांगावयाची झाल्यास भाताचा प्रसंग सावकाश सांगावा व तेथे क्षणभर थांबावे. ‘तुमच्यापैकी कोण नातेवाइकांकडे राहतो?’ असा प्रश्न भर वर्गात कदापि विचारू नये. कादंबिनीने मोजलेला भात मुलास सर्वांसमक्ष पुन्हा मोजून दाखविल्यासारखे ते होईल. ‘केष्टला मेजदिदीकडे जावेसे का वाटले असेल?’ एवढेच विचारावे आणि उत्तरे घरून लिहून आणावयास सांगावीत. त्या वह्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत. एखाद्या वहीत केष्टऐवजी चुकून ‘मी’ असे लिहिलेले आढळले, तर त्याखाली तांबडी रेघ ओढू नये.