वाचन आणि अवधान

वाचता येणाऱ्या मनुष्यास डोळ्यांसमोरचा शब्द न वाचता नुसता पाहता येईल काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच द्यावे लागते. रस्त्यावरील पाटीकडे नजर गेली की तीवरील शब्द आपोआप मनात उमटतो. तो वाचावा की न वाचावा, हे ठरविण्यास अवकाशच मिळत नाही. याउलट तमिळ लिपी न शिकलेला प्रवासी चेन्नईच्या स्थानकावर उतरला, तर तेथील तमिळ पाटी त्याच्या दृष्टीने केवळ रेघांची आकृती असते. तेव्हा हा गुण डोळ्यांचा नव्हे. दीर्घ सरावाने मनास जडलेल्या सवयीचा आहे.

मनाच्या व्यापारांचे मानसशास्त्रात ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. काही व्यापारांना अवधान, म्हणजे हेतुपुरःसर लावलेले लक्ष, आवश्यक असते. ते सावकाश चालतात आणि अशी अनेक कामे एकाच वेळी करता येत नाहीत. दुसरे व्यापार सरावाने इतके सुलभ होतात की त्यांना अवधान फारच थोडे लागते; त्यांना स्वयंचलित व्यापार म्हणतात. दोन शेतकरी सपाट रस्त्यावरून गप्पा मारीत सहज चालतात. पण पावसाने निसरड्या झालेल्या बांधावर पाय पडला की त्यांचे बोलणे थांबते. चालण्यासच अवधान लागू लागल्यावर बोलण्यासाठी ते शिल्लक राहत नाही.

वाचन हाही असाच सरावाने सहज झालेला व्यापार आहे, याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. जर्मनीतील लाइपझिग येथे व्हिल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले अमेरिकन संशोधक जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८६ मध्ये असे दाखवून दिले की, रंग पाहून त्याचे नाव सांगण्यापेक्षा छापील शब्द वाचण्यास कमी वेळ लागतो. शब्द आणि त्याचा उच्चार यांची सांगड वारंवार पडल्यामुळे वाचन आपोआप होते. रंगाचे नाव मात्र प्रयत्नपूर्वक योजावे लागते, असा खुलासा त्यांनी केला.

पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतील जॉन रिडली स्ट्रूप यांनी या दोन क्रियांना एकमेकींसमोर उभे केले. रंगांची नावे त्यांनी भलत्याच रंगाच्या शाईत छापली. उदाहरणार्थ, ‘तांबडा’ या अर्थाचा शब्द निळ्या शाईत. शब्द वाचावयाचा नाही, फक्त शाईचा रंग सांगावयाचा, अशी सूचना होती. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगण्यास विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले होते; अशा विसंगत १०० शब्दांच्या शाईचे रंग सांगण्यास ११०.३ सेकंद लागले. जो शब्द टाळावयाचा, तोच आधी पुढे येऊन वाट अडवीत होता. उलटपक्षी, केवळ शब्द वाचावयास सांगितले असता काळ्या शाईतील शब्दांना ४१ सेकंद, तर विसंगत रंगांतील शब्दांना ४३.३ सेकंद, म्हणजे किंचितच अधिक वेळ लागला. रंगाने वाचनास फारसा अडथळा केला नाही. वाचनाने मात्र रंग सांगण्यास मोठाच अडथळा केला.

हा प्रयोग कोणत्याही वर्गात रंगीत पेन्सिलींनी करून पाहता येईल. एका कागदावर चार रंगांचे वीस ठिपके काढावेत व दुसऱ्यावर त्याच रंगांची नावे विसंगत रंगांत वीस वेळा लिहावीत. मग घड्याळ लावून दोहोंचे रंग मोठ्याने सांगावेत. वेळेतील फरक लगेच ध्यानात येईल. अक्षरओळखच नसलेल्या बालकास मात्र शब्दांचा हा अडथळा जाणवणार नाही.

या ज्ञानाचा शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड लाबर्ज आणि एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये असे प्रतिपादन केले की, मनुष्याचे अवधान मर्यादित असल्यामुळे शब्द ओळखण्यात ते जितके खर्च होईल तितके अर्थ समजण्यासाठी कमी उरते. धड्यातील प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळणारा मुलगा वाक्याच्या अखेरीस पोहोचतो, तोवर वाक्याचा आरंभ त्याच्या मनातून निसटलेला असतो. त्याला अर्थ विचारला असता तो गप्प राहतो आणि मंदबुद्धी ठरतो. वस्तुतः तीच गोष्ट त्यास तोंडी सांगितली, तर पुष्कळदा ती त्याला उत्तम समजते. मग उणीव बुद्धीची नसून सरावाची आहे, असे शिक्षकाने जाणावे. ऐकूनही ती समजली नाही, तर अपरिचित शब्द अथवा अन्य कारण शोधावे.

अशा विद्यार्थ्यांसाठी सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची पद्धती मांडली. एकच लहानसा उतारा विनासायास वाचता येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावयाचा आणि नंतरच पुढील उतारा हाती घ्यावयाचा. हेतू पाठांतराचा नसून, शब्द ओळखण्याचा भार हलका करून अवधान अर्थासाठी मोकळे करण्याचा असतो.

तथापि मोकळे झालेले अवधान अर्थाकडेच जाईल, अशी शाश्वती नसते. निष्णात वाचकाचे डोळे ओळींवरून सरकत राहतात आणि मन अन्यत्र भटकत असते. पान संपते, पण हाती काहीच लागत नाही. शब्द ओळखणे सवयीवर सोपविता येते, आशय समजून घेणे तसे सोपविता येत नाही. म्हणून परिच्छेद संपताच पुस्तक क्षणभर मिटून त्यातील आशय स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावा. तो सांगता आला नाही, तर डोळे पुढे गेले व अवधान मागे राहिले असे समजून, तो परिच्छेद पुन्हा वाचावा.